चंद्राचे अंतर कुणाच्या मालकीचे?



काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत मी निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता 'भरती-ओहोटी'. एकतीस निबंध आले होते. रात्री जेवण आटोपून वाचायला बसलो, आणि तिसऱ्याच निबंधातल्या एका वाक्यापाशी थबकलो. लिहिले होते, 'चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० मीटर अंतरावर आहे.'

मीटर! म्हणजे चंद्र पृथ्वीपासून फक्त ३८४ किलोमीटरवर. मुंबईहून कोल्हापूर रस्त्याने साधारण तेवढेच. रात्रीची एस.टी. पकडावी आणि सकाळी चंद्रावर उतरावे!

किलोमीटरच्या जागी मीटर लिहिले गेले असेल, असे म्हणून मी एक गुण कापला आणि पुढे गेलो. पण आणखी सहा निबंधांत तेच वाक्य, तोच आकडा आणि तेच 'मीटर' निघाले. पुढचे-मागचे परिच्छेदही जसेच्या तसे. सात जणांनी एकाच ठिकाणाहून मजकूर उतरवला होता आणि मूळ मजकुरातली चूकही भक्तिभावाने उतरवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितले. सातही जणांनी माना खाली घातल्या. पण त्यांतली एक नववीतली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मीटर लिहिलं ही चूक झाली. पण चंद्र काही त्या लेखकाच्या मालकीचा नाही. मग चंद्राचं अंतर लिहून घेतलं तर ती चोरी कशी?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. या प्रश्नावर न्यायालयांत वर्षानुवर्षे खल झालेला आहे. त्या दिवशी तास संपल्यामुळे मी तिला अर्धेच उत्तर दिले. उरलेले आज तुम्हा सर्वांना देतो.

कुठलेही पुस्तक घ्या आणि त्याची सुरुवातीची पाने उलटा. बारीक अक्षरात 'सर्व हक्क स्वाधीन' अशी ओळ आढळेल. या हक्काला मराठीत स्वामित्वहक्क म्हणतात आणि बोलताना आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो. आपल्या देशात त्यासाठी १९५७ चा कायदा आहे. तो जानेवारी १९५८ पासून अमलात आला. साहित्य, नाटक, संगीत, चित्र-शिल्पादी कला, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना तो लागू होतो. अशी कृती निर्माण करणाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने तिच्या प्रती काढू नयेत, ती छापू नये, तिचे भाषांतर करू नये, असा या हक्काचा साधारण अर्थ आहे.

हा हक्क मिळवायला काय करावे लागते? अर्ज? फी? शिक्का? यांपैकी काहीही नाही. नोंदणीची सोय आहे, पण सक्ती नाही. कृती स्वतः निर्माण केलेली असली आणि कागदावर उतरली, की हक्क आपोआप जन्माला येतो. त्याला वयाचीही अट नाही. तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर स्वतः रचलेली कविता लिहिली असेल, तर तिचे मालक या क्षणी तुम्ही आहात. उद्या कुणी ती तुम्हाला न विचारता आपल्या पुस्तकात छापली, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहील. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कॉपीराइट म्हणजे फक्त मोठ्या लेखकांची आणि चित्रपटवाल्यांची भानगड, असे आपल्याला वाटते. तसे नाही. तुम्हीही या कायद्याने संरक्षण दिलेले मालक आहात.

पण मालक कशाचे? इथेच त्या मुलीच्या प्रश्नाची गाठ आहे, आणि ती सोडवायला दिल्लीतली एक गोष्ट ऐका.

आर. जी. आनंद नावाचे एक वास्तुशिल्पज्ञ नाटकेही लिहीत. १९५३ मध्ये त्यांनी 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले. एक कुटुंब पंजाबी, दुसरे मद्रासी. दोन्ही घरांतल्या तरुण मुलांचे एकमेकांवर प्रेम बसते आणि आईवडिलांचा प्रांताभिमान आड येतो, असा विषय. नाटक गाजले. एका चित्रपट-दिग्दर्शकाने त्यांच्याकडून ते ऐकूनही घेतले. पुढे १९५६ मध्ये त्या दिग्दर्शकाचा 'न्यू देहली' हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे, त्यातही प्रेम, त्यातही प्रांताभिमान! आनंद न्यायालयात गेले. खटला चालत चालत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९७८ मध्ये निकाल लागला.

निकाल कुणाच्या बाजूने लागला असेल? तुम्ही आनंदांच्या बाजूने मत दिले असेल, तर तुमचे मन चांगले आहे. पण न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायालय म्हणाले की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो ती कल्पना ज्या रूपात मांडली जाते त्या रूपावर. प्रांतवाद हा विषय सगळ्यांचा आहे. दोन्ही कृती पाहणाऱ्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटले, तरच हक्काचा भंग झाला असे म्हणता येईल. चित्रपटात हुंड्याच्या प्रश्नासारखे नाटकात नसलेले विषय होते, प्रसंगांची मांडणी निराळी होती. म्हणून ती नक्कल ठरली नाही.

आनंदांना वाईट वाटले असणार. पण थोडा विचार करा. हा नियम उलटा असता तर काय झाले असते?

विज्ञानातलेच उदाहरण घेऊ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. तिला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उघड झाले की ना. वि. ज. ही जयंत विष्णु नारळीकरांच्या नावाची आद्याक्षरे उलटी लावून तयार केलेली होती! आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते.

आता पाहा. कृष्णविवराची कल्पना नारळीकरांची नव्हती. आइनस्टाइन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून आणि त्यावर अनेकांनी केलेल्या गणितातून ती घडत आलेली होती. कल्पनेवर मालकी चालत असती, तर नारळीकरांना आधी कुठल्या तरी वारसदाराची परवानगी काढावी लागली असती आणि फी भरावी लागली असती. आणि कदाचित मराठीला ती कथा मिळालीच नसती. कल्पना मोकळी होती म्हणून कथा लिहिली गेली. मात्र त्या कथेतली पात्रे, प्रसंग, वाक्ये ही नारळीकरांची. तुम्ही उद्या कृष्णविवरावर खुशाल कथा लिहा, कुणी अडवणार नाही. त्यांची कथा स्वतःची म्हणून छापाल, तर ती चोरी होईल.

चंद्राच्या अंतराचेही तसेच आहे. ते मोजायला पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कष्ट घेतले. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडून आज ते मोजतात. पण इतके कष्ट घेऊनही तो आकडा कुणाच्याच मालकीचा होत नाही. निसर्गाने घडवलेल्या गोष्टीचा शोध लागतो, ती लिहिली जात नाही. शोधाचा मान शोधणाऱ्याला मिळतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या नावाने 'रामन परिणाम' ओळखला जातो तो म्हणूनच. परंतु तो परिणाम आपल्या प्रयोगशाळेत पाहायला किंवा त्याच्याविषयी लिहायला कुणाला विचारावे लागत नाही. नव्या यंत्राची गोष्ट थोडी निराळी. त्यासाठी पेटंटचा वेगळा कायदा आहे, त्याची मुदत २० वर्षांची आहे आणि त्यासाठी अर्ज करावाच लागतो.

इथे कुणी विचारील, ज्याने घाम गाळून माहिती गोळा केली त्याला काहीच नाही का? या प्रश्नावर अमेरिकेत एक मजेदार खटला झाला. त्यात नेमका आमच्या 'मीटर'सारखाच पुरावा होता.

पूर्वी घरोघरी टेलिफोनची जाडजूड यादी असे. वर्णानुक्रमाने नावे आणि पुढे क्रमांक. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलीही नसेल; आजोबांना विचारा. कॅन्सस राज्यातल्या एका टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांची अशी यादी छापली होती. दुसऱ्या एका प्रकाशकाला अनेक भागांची मिळून मोठी यादी काढायची होती. त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा त्याने नावे तशीच उचलली. परंतु टेलिफोन कंपनी हुशार होती. नक्कल पकडता यावी म्हणून तिने यादीत काही खोटी नावे पेरून ठेवली होती, आणि त्यांतली चार नावे त्या प्रकाशकाच्या यादीत सापडली. नक्कल उघडकीला आली!

तरीही १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो नक्कल करणाऱ्याच्या बाजूने. माणसाचे नाव आणि त्याचा क्रमांक ही वस्तुस्थिती आहे. ती वर्णानुक्रमाने लावण्यात काही नवनिर्मिती नाही. नुसत्या कष्टाने कॉपीराइट मिळत नाही, त्यात थोडी तरी स्वतःची प्रतिभा हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये, न्यायनिवाड्यांच्या संपादनासंबंधीच्या एका खटल्यात, नुसते कष्ट पुरत नाहीत, किंचित का होईना सर्जनशीलता लागते, असेच म्हटले.

आता त्या मुलीचे उत्तर पुरे करता येईल. '३,८४,४०० किलोमीटर' हा आकडा घेतलास तर ती चोरी नाही. तो तुझा, माझा, सगळ्यांचा आहे. पण सातही जणांनी फक्त आकडा घेतला नव्हता. भरती कशी येते हे एका लेखकाने ज्या शब्दांत, ज्या क्रमाने, जो दृष्टांत देऊन समजावले होते, ते सगळे उचलले होते. आकडा निसर्गाचा, परिच्छेद त्या लेखकाचा.

"मग आम्हाला पोलीस पकडणार का?" असे एका मुलाने तेव्हा घाबरून विचारले होते. नाही, बाळांनो. कायदा विद्यार्थ्यांच्या बाबतीत बराच उदार आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी किंवा परीक्षण लिहिण्यासाठी दुसऱ्याच्या मजकुराचा वाजवी वापर करायला त्यात मुभा आहे. शिकवताना शिक्षकाने आणि शिकताना विद्यार्थ्याने उतारा काढला, प्रश्नपत्रिकेत उतारा दिला, तर तो हक्काचा भंग नव्हे. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात अभ्यासक्रमाला लागणारे उतारे एकत्र करून देत, म्हणून बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणासाठीची ही सवलत मान्य केली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्या देशात पुस्तकाची किंमत अनेक घरांना परवडत नाही, तिथे ही सवलत म्हणजे शिक्षणाचा श्वास आहे असे माझे मत आहे. शिक्षकबंधूंनीही ती नीट समजून घ्यावी. विनाकारण भिऊ नये आणि तिचा गैरफायदाही घेऊ नये. अख्खे पुस्तक छापून विकणे म्हणजे अभ्यास नव्हे.

मग मी त्या सात निबंधांना शून्य गुण का दिले? कारण कायदा मोडणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधावर तुम्ही स्वतःचे नाव घालता, तेव्हा 'हे माझे लेखन आहे' असे सांगत असता. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून सांगणे याला आपल्याकडे वाङ्मयचौर्य असा शब्द आहे. जिथे कॉपीराइट संपलेला आहे, तिथेही ते चौर्यच असते.

हो, कॉपीराइट संपतो! आणि तो संपतो हीच त्याची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. १७१० मध्ये इंग्लंडमध्ये पहिला कायदा झाला तेव्हा नव्या पुस्तकासाठी मुदत होती १४ वर्षे. लेखक हयात असला तर आणखी १४. आपल्याकडे आज लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये वारले; त्यांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तेव्हा कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. साने गुरुजींचे निधन १९५० मधले. त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून कुणालाही छापता येते. नारळीकर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथांवरचा हक्क २०८५ अखेरपर्यंत राहील. आज नववीत असलेला विद्यार्थी तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात असेल.

स्पष्ट सांगायचे तर मला ही मुदत जास्त वाटते. लेखकाला त्याच्या कष्टाचे मोल मिळालेच पाहिजे, त्याच्या मुलाबाळांनाही मिळावे. पण जी पुस्तके दुसऱ्यांदा कुणी छापत नाही, ज्यांचे वारस कुठे आहेत ते माहीत नाही, अशी कितीतरी जुनी मराठी विज्ञानपुस्तके ग्रंथालयांच्या कपाटांत कसर खात पडली आहेत. त्यांच्यापासून लेखकाच्या घराला पैसा मिळत नाही आणि वाचकाला ज्ञान मिळत नाही. कुलूप आहे, पण राखण कशाची चालली आहे? तुम्ही मोठे होऊन कायदे कराल तेव्हा याचा विचार करा.

मात्र मुदत संपली म्हणजे नाव पुसले असे नव्हे. 'श्यामची आई' कुणीही छापावी; तिच्यावर स्वतःचे नाव कुणी घालू नये. छापण्याच्या हक्काला मुदत असते, प्रामाणिकपणाला नसते.

आता व्यवहाराचे चार शब्द. प्रकल्प किंवा निबंध लिहायचा असेल तर दोन-तीन ठिकाणी वाचा. आकडे ताडून पाहा. एकाच ठिकाणी विश्वास टाकला की चंद्र कोल्हापुरात येतो. मग पुस्तक मिटा. धाकट्या भावंडाला समजावून सांगतो आहोत असे समजून लिहा. लिहिता आले नाही, तर विषय अजून कळलेला नाही असे समजा आणि पुन्हा वाचा. लेखकाचे वाक्य तसेच घ्यायचे असेल तर अवतरणचिन्हांत घ्या आणि नाव द्या. आकृती स्वतः काढा. शेवटी कुणाकुणाकडून शिकलात ते लिहा. त्याने तुमचा मान कमी होत नाही. हल्ली प्रश्न विचारताच क्षणात निबंध हाती देणारी यंत्रे मोबाइलवर आली आहेत. त्यांनाही हाच नियम लावा. माहिती विचारा, ती तपासा. पण त्यांनी लिहिलेल्या मजकुरावर आपले नाव घालू नका.

शून्य मिळालेल्या सात जणांना मी आठ दिवसांची मुदत दिली होती आणि पुन्हा लिहायला सांगितले होते. सहा जणांनी आपल्या शब्दांत बऱ्यापैकी लिहिले. त्या मुलीने मात्र पुस्तक बाजूलाच ठेवले. घराजवळच्या खाडीवर जेटीच्या पायऱ्या आहेत. सलग सहा दिवस दुपारच्या भरतीचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आणि किती वाजता चढते, ते तिने खडूने खुणा करून टिपून ठेवले. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येते, असे तिला आढळले. ते का, याचा विचार करताना चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो हे तिच्या लक्षात आले. निबंध दीड पानाचाच होता आणि शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. मी त्याला पहिला क्रमांक दिला.

ती पन्नास मिनिटे तिच्या मालकीची नाहीत. कोळी लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. पण ते दीड पान तिचे होते, नऊ चुकांसकट. तुमचेही असे एखादे पान असू द्या.